बर्फावरची मासेमारीची खोली कोरडी कशी ठेवावी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळा पक्का झाला की गोठलेल्या तळ्यांवर एक तात्पुरती वस्ती उभी राहते. मिल लॅक्स, अपर रेड लेक, लेक ऑफ द वुड्स यांसारख्या विस्तीर्ण जलाशयांवर ट्रकमागे जोडून लहान-मोठ्या खोल्या नेल्या जातात, खोलीच्या तळातील गोल झाकणे उघडून त्यांच्या खालच्या बर्फाला गिरमिटाने आरपार भोके पाडली जातात आणि आत शेगडी पेटवून माणसे त्या भोकांत गळ सोडून वॉलाय किंवा पर्च यांसारखे मासे लागण्याची वाट पाहत बसतात. यांतील काही खोल्या चाकांवरच्या असतात आणि मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर त्यांची लोखंडी चौकट बर्फावर टेकवली जाते. काही जाड लाकडी पट्ट्यांवरून घसरत नेल्या जातात, तर काही नुसतेच जाड कापडाचे तंबू असतात, ज्यांना तळच नसतो. मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या परिसरात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांनी अशी खोली शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतली असेल, त्यांना खोलीतील ऊब जशी आठवत असेल, तशीच पायाखालची ओलही आठवत असेल.

ही ओल बहुधा स्लशच्या रूपाने दिसते. स्लश म्हणजे पाणी शोषून लगदा झालेले हिम, आणि हिम म्हणजे आकाशातून पडणारा भुसभुशीत बर्फ. त्याचे तापमान शून्य अंशावर अडकलेले असते, ते बुटांना चिकटते, कपड्यांत झिरपते, आणि शेगडी विझली की गोठून खोलीच्या चौकटीला असे पकडून ठेवते की ती सोडवताना चौकटच वाकावी. बाहेर उणे २० अंश सेल्सियस असताना ओले मोजे घालून बसणे ही केवळ गैरसोय राहत नाही, कारण ओल्या कपड्यांतून शरीराची उष्णता कितीतरी वेगाने निघून जाते. त्यामुळे खोली कोरडी ठेवण्याचा विचार मासे पकडण्याच्या विचाराइतकाच आधी करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोलीत पाणी तीन वाटांनी येते. एक वाट खालून, म्हणजे तळ्यातूनच आहे. दुसरी आतली, म्हणजे शेगडीतून, श्वासातून आणि स्वयंपाकाच्या वाफेतून. आणि तिसरी दारातून, म्हणजे बुटांबरोबर आणि कपड्यांबरोबर आत येणाऱ्या हिमातून. बहुतेक लोक तिसऱ्या वाटेची सर्वाधिक काळजी घेतात, कारण ती डोळ्यांना दिसते. दारात एक खरखरीत पायपुसणे आणि बूट झाडायला एक ब्रश ठेवला की त्या वाटेचा बराचसा बंदोबस्त होतो. खरा उपद्रव पहिल्या वाटेचा असतो, आणि तो समजण्यासाठी तळ्यावरचा बर्फ पाण्यावर कसा राहतो हे नीट पाहावे लागते.

तळ्यावरचा बर्फ जमिनीसारखा घट्ट वाटला तरी तो तरंगत असतो. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो, तर तेवढ्याच बर्फाचे सुमारे ९१७ किलो भरते. म्हणून बर्फाच्या जाडीचा जवळजवळ ९२ टक्के भाग पाण्याच्या पातळीखाली आणि फक्त ८ टक्के भाग पातळीच्या वर राहतो. बर्फ ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक फूट जाड असेल, तर त्याचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम अडीच सेंटिमीटर उंच असतो. ५० सेंटिमीटर जाड असेल, तर ही उंची सुमारे चार सेंटिमीटर होते. तुमची खोली कोरडी राहणार की नाही, हे मुख्यतः या बोटभर उंचीवर ठरते.

ही उंची किती वजन पेलते, याचाही हिशेब सोपा आहे. ३० सेंटिमीटर जाडीचा बर्फ दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो जादा भार येईपर्यंत आपला पृष्ठभाग पाण्यावर ठेवू शकतो. २५ किलो हा आकडा मोठा वाटतो, पण हिमाचे वजन विचारात घेतले की तो फार लवकर संपतो. नुकतेच पडलेले हलके हिम घनमीटरला साधारण १०० किलो भरते, म्हणजे त्याचा २५ सेंटिमीटरचा थर झाला की ही मर्यादा गाठली जाते. वाऱ्याने दाबून घट्ट झालेले हिम घनमीटरला ३०० किलोपर्यंत जाते आणि त्याचा आठ सेंटिमीटरचा थरही पुरतो. बर्फाच्या जाडीच्या एक चतुर्थांशाहून थोडे अधिक दाबलेले हिम साचले की बर्फाचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीखाली जायला लागतो, हा अंदाज मनात पक्का ठेवावा. यात खोलीचे, ट्रकचे किंवा माणसांचे वजन अजून धरलेलेच नाही.

बर्फाचा पृष्ठभाग पातळीखाली गेला की पाण्याला वर यायला फक्त वाट हवी असते. भेगा तर असतातच, आणि तुम्ही पाडलेले प्रत्येक भोक ही तयार वाट असते. म्हणून तेच भोक एका दिवशी पाणी खाली नेणारी मोरी असते आणि दुसऱ्या दिवशी पाणी वर आणणारा झरा होते. पृष्ठभाग पातळीच्या वर असेल, तर वर सांडलेले पाणी भोकातून खाली जाते; पातळीच्या खाली असेल, तर तळे भोकातून वर येते, आणि दोन्हींची पातळी सारखी होईपर्यंत ते थांबत नाही. अनेक जण खोलीत पाणी दिसले की ते निचरून जावे म्हणून आणखी एक भोक पाडतात. बर्फ दबलेला असेल, तर असे करून ते पाण्याला आणखी एक दार उघडून देतात.

म्हणूनच जागा ठरवताना सर्वांत आधी एक भोक पाडून त्यातील पाण्याची पातळी मोजावी. झाऱ्याने भोकातील बर्फाचा कीस काढून टाकावा, पाणी स्थिर होऊ द्यावे, भोकाच्या काठावर एक सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवावी आणि तिच्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर लहान मोजपट्टीने पाहावे. त्याच वेळी भोकाच्या कडेला पट्टी अडकवून बर्फाची जाडीही मोजावी. ५० सेंटिमीटर जाड बर्फात पाणी चार सेंटिमीटर खाली असेल, तर त्या जागेवर फारसा भार नाही. ते जेमतेम एक सेंटिमीटर खाली असेल, तर हिमाने आपले काम आधीच केले आहे आणि तुमची खोली आल्यावर पाणी वर येणार, हे गृहीत धरावे. पाणी काठोकाठ असेल किंवा काठावरून वाहत असेल, तर जागा बदलणेच शहाणपणाचे असते. ही तपासणी करायला पाच मिनिटे लागतात, आणि तिच्याइतके उपयोगी दुसरे काहीही मला ठाऊक नाही.

वर आलेले पाणी लगेच गोठून का जात नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. हिमात अडकलेल्या हवेमुळे हिम उष्णतेला फार कमी वाहून नेते. अखंड बर्फ त्याच्या तुलनेत साधारण दहापट किंवा त्याहूनही अधिक उष्णता जाऊ देतो. म्हणून वर हिमाचा जाड थर असला की त्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यापर्यंत बाहेरची थंडी पोहोचत नाही. शिवाय एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते, आणि ती उष्णता निघून जायला वाट नसेल, तर स्लश कित्येक दिवस तसाच राहतो. वरून पांढराशुभ्र आणि कोरडा दिसणारा हिमाचा थर पायाखाली दबतो आणि बूट घोट्यापर्यंत पाण्यात जातो, तो यामुळेच. पुढे हा स्लश गोठला की त्यातून जो पांढरा, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ तयार होतो, तो पारदर्शक बर्फापेक्षा खूप कमजोर असतो. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाची जाडीची जी शिफारस आहे, ती नव्या, स्वच्छ बर्फासाठी आहे: पायी जाण्यासाठी किमान चार इंच, मध्यम आकाराच्या ट्रकसाठी तेरा इंच, आणि चाकांवरची खोली ओढणाऱ्या अवजड ट्रकसाठी वीस इंचांहून अधिक. पांढऱ्या बर्फासाठी हे आकडे दुप्पट धरावेत, असेही तो विभाग सांगतो. स्लशचा संबंध अशा रीतीने केवळ ओलाव्याशी नसून सुरक्षिततेशीही आहे.

आता खोलीच्या वजनाकडे पाहू. सुतळीच्या बाजेवर माणूस मध्यभागी बसला की बाज जशी केवळ त्याच्याखाली न वाकता सगळीकडून थोडी थोडी त्याच्याकडे झुकते, तसाच बर्फाचा थर भाराखाली वाकतो आणि हा झुकाव कित्येक मीटरपर्यंत पसरतो. दोन टन वजनाची खोली ५० सेंटिमीटर जाडीच्या बर्फावर ठेवली, तर सुरुवातीला बर्फ काही मिलिमीटरच दबतो, आणि म्हणून पहिल्या दिवशी सगळे ठीक दिसते. परंतु बर्फ गोठणबिंदूच्या इतक्या जवळ असतो की सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकत, वाकत जातो आणि काही दिवसांत तो झुकाव अनेक पटींनी वाढतो. पाणी अनेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी का येते, याचे उत्तर यात आहे. त्याच झुकावात शेजारी ट्रक उभा केला, मित्रांच्या दोन खोल्या आणून लावल्या, की सगळे झुकाव एकमेकांत मिसळतात आणि सर्वांत खोल जागा नेमकी सर्वांच्या मधोमध येते. नैसर्गिक संसाधन विभागाचा सल्ला असा आहे की उभ्या गाड्या एकमेकींपासून किमान ५० फूट दूर असाव्यात, त्या दर दोन तासांनी हलवाव्यात, आणि गाडीशेजारी एक भोक पाडून त्यावर लक्ष ठेवावे; भोकातून पाणी वर वाहू लागले की बर्फ खचतो आहे असे समजून गाडी तेथून काढावी. हा सल्ला गाड्यांसाठी असला, तरी त्यातील भोकाची खूण खोलीलाही जशीच्या तशी लागू पडते. खोलीपासून थोड्या अंतरावर एक भोक उघडे ठेवून रोज सकाळी त्याची पातळी पाहावी, आणि त्यावर एखादी काठी उभी रोवावी, म्हणजे अंधारात कुणाचा पाय त्यात जाणार नाही.

मात्र ज्या भाराकडे जवळजवळ कुणाचेच लक्ष जात नाही, तो आपणच रचलेला असतो. खोली लावण्यापूर्वी जागेवरचे हिम काढावे लागते, आणि ते काढलेच पाहिजे, कारण खोलीखाली राहिलेले हिम पाणी शोषून चौकटीला चिकटते. पण काढलेले हिम लोक फावड्याने किंवा ट्रकला लावलेल्या हिम लोटणाऱ्या फाळाने सभोवार लोटतात आणि खोलीभोवती एक बांध तयार होतो. हा बांध अर्धा मीटर उंच आणि पायाशी एक मीटर रुंद असला, आणि लोटलेले हिम घनमीटरला ४०० किलो धरले, तर त्याचे वजन दर मीटर लांबीला १०० किलो होते. खोलीभोवती असा ३० मीटरचा बांध घातला की तीन टन भार झाला, म्हणजे कित्येकदा खोलीपेक्षाही जास्त! वाऱ्यापासून आडोसा मिळाला म्हणून आपण समाधानाने आत बसतो आणि तो आडोसाच आपल्याला पाण्यात ढकलत असतो. म्हणून काढलेले हिम खोलीपासून लांब, वाऱ्याच्या दिशेने पलीकडे न्यावे आणि ढीग न करता पातळ पसरावे. साफ केलेली जागा खोलीपेक्षा बरीच मोठी ठेवावी. उघडा पडलेला बर्फ थंडी सरळ घेतो, खालून लवकर जाड होतो, आणि जाड झाला की त्याची पाण्यावरची उंचीही वाढते.

खोलीच्या तळाशी फटींतून वारा शिरू नये म्हणून कडेने हिम लावण्याची जी पद्धत आहे, ती सोडून द्यावी असे मी म्हणणार नाही, कारण वारा आत शिरला तर भोके वारंवार गोठतात आणि जमीन गार पडते. फक्त ते हिम वीतभर उंचीचे आणि अरुंद असावे. खिडकीपर्यंत चढवलेला ढीग नको. खोलीच्या तळाला रबरी किंवा जाड कापडी झालर असेल, तर एवढे हिमही पुरेसे होते. वादळानंतर मात्र पुन्हा फावडे हातात घ्यावे लागते. सपाट तळ्यावर खोली हा एकमेव अडथळा असल्यामुळे वारा तिच्यामागे हिम आणून टाकतो आणि दोन रात्रींत तेथे कमरेएवढा ढीग होऊ शकतो. खोलीची अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवली तर हा ढीग लहान राहतो. एकाच जागी आठवडेच्या आठवडे न राहता खोली अधूनमधून हलवली, तर वाकलेला बर्फ पुन्हा सावरतो आणि साचलेल्या ढिगापासूनही सुटका होते.

भोके पाडताना जे पाणी वर येते, त्याकडे आता वळू. दहा इंच व्यासाच्या गिरमिटाने ५० सेंटिमीटर जाड बर्फात एक भोक पाडले, तर सुमारे २५ लिटर बर्फाचा कीस वर येतो; चार भोके पाडली, तर १०० लिटर. हे सगळे खोलीच्या आत पाडले आणि त्यावर गिरमिटाने उपसलेले पाणी पडले, की बसण्याआधीच खोलीत स्लशचा ढीग तयार होतो. म्हणून शक्य असेल तेथे, विशेषतः तळ नसलेल्या तंबूसाठी, भोके आधी पाडावीत, कीस फावड्याने दूर लोटावा, जागा कोरडी करावी आणि मगच तंबू उभा करावा. चाकांवरच्या खोलीत भोके आतूनच पाडावी लागतात. अशा वेळी गिरमिट पाण्यात उतरल्यावर ते फिरते ठेवून वर खेचू नये, कारण त्याची पाती पंपासारखे पाणी उपसतात. बर्फ फुटल्याचा झटका हाताला जाणवला की यंत्र थांबवावे, पात्यांवरचे पाणी क्षणभर खाली उतरू द्यावे आणि मग गिरमिट सरळ, सावकाश वर घ्यावे. कीस भोकात परत लोटण्याचा मोह टाळावा; तो तेथेच तरंगत राहतो आणि पुन्हा झाऱ्याने काढावा लागतो. तो बादलीत भरून बाहेर टाकावा.

खोलीचा तळ आणि बर्फ यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तेथे भोकाभोवती प्लॅस्टिकची गोल नळकांडी बसवण्याची सोय बहुतेक नव्या खोल्यांत असते. नळकांडे बर्फापर्यंत टेकवून त्याच्या बाहेरच्या कडेने ओले हिम थापले की ते गोठून सांधा बंद होतो. त्यामुळे पोकळीतील वारा आणि स्लश आत येत नाहीत आणि मासा वर ओढताना उडणारे पाणी परत भोकातच पडते. मात्र बर्फ पातळीखाली दबलेला असेल, तर नळकांड्यात पाणी चढतेच. ते थोडी उंची मिळवून देते, दबलेल्या बर्फावर इलाज करत नाही.

खोलीखाली पाणी आलेच, तर काय करावे? पहिले काम म्हणजे भार कमी करणे: ट्रक लांब नेणे, भोवतालचे हिम हटवणे, आणि शेजाऱ्यांची खोली फार जवळ असेल तर त्यांच्याशी बोलणे. त्यानंतर स्लशवरचे कोरडे हिम काढून स्लश उघडा पाडावा किंवा स्नोमोबाइल, म्हणजे हिमावरून धावणारी लहान गाडी, फिरवून तो दाबून टाकावा. दाबलेल्या हिमातील हवा निघून जाते, थंडी खाली पोहोचते आणि कडाक्याच्या एखाद-दोन रात्रींत तो गोठतो. तो पूर्ण गोठण्याआधी खोली ठोकळ्यांवर उचलून ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर चौकट त्यातच अडकते. आणि भोवतालच्या भोकांतील पाणी वाढतच असेल, तर दुरुस्तीच्या नादी न लागता खोली जाडी तपासलेल्या दुसऱ्या जागी हलवावी.

खालची वाट अशी सांभाळल्यावर आतल्या वाटेचा विचार करता येतो. शेगडीतला प्रोपेन वायू जळताना उष्णतेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. एक किलो प्रोपेनपासून सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ निर्माण होते. म्हणजे नऊ किलोचे एक सिलिंडर संपले की जवळजवळ पंधरा लिटर पाणी हवेत गेलेले असते. शेगडीचा धूर नळीवाटे बाहेर जात असेल, तर ही वाफही बाहेर जाते. पण लहान, उघड्या जाळीची शेगडी असेल, तर सगळी वाफ खोलीतच राहते. ताशी ९००० बीटीयूची, म्हणजे सुमारे २.६ किलोवॉटची अशी शेगडी तासाला साधारण ३०० ग्रॅम पाणी हवेत सोडते आणि दोन माणसांचा श्वास व घाम मिळून त्यात अंदाजे १०० ग्रॅमची भर घालतात. ही वाफ थंड भिंतीला लागून थेंब होते, थेंब ओघळून जमिनीवर येतात, आणि कोपऱ्यात गोठतात. कोणत्या ठिकाणाहून खोलीत थंडी येते, हे पाहायचे असेल तर पहाटे भिंतीवर विजेरी तिरपी धरावी: आतल्या फळ्यांवरच्या प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावर गोठलेल्या दवाचा एक बारीक पांढरा ठिपका दिसतो, कारण धातूचा स्क्रू बाहेरची थंडी सरळ आत आणतो. दाराच्या बिजागऱ्या आणि खिडकीची चौकट यांच्यावरही तोच पांढरा थर असतो. अशा जागा फोमच्या पट्टीने झाकल्या की थेंब पडणे बरेच कमी होते.

यावरचा मुख्य उपाय मात्र हवा खेळती ठेवणे हाच आहे, आणि येथे अनेकांचा ठाम गैरसमज असतो की झरोका उघडला तर थंडी येईल आणि ओल वाढेल. उणे २० अंशांची हवा घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम वाफ धरू शकते, तर १५ अंशांची हवा सुमारे तेरा ग्रॅम. म्हणजे बाहेरून आलेली हवा आत तापली की अत्यंत कोरडी होते आणि खोलीतील वाफ शोषून बाहेर नेते. ताशी ४०० ग्रॅम वाफ काढायला साधारण ५० घनमीटर हवा बदलली तरी पुरते, आणि तेवढी हवा तापवायला त्या शेगडीच्या उष्णतेचा जवळपास चौथा भाग लागतो. हा खर्च मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण याच हवेवर आपला जीवही अवलंबून आहे. बंद खोलीत प्राणवायू कमी झाला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जो जागे होऊ देत नाही. म्हणून एक झरोका जमिनीजवळ आणि एक छताजवळ, दोन्ही कायम उघडे ठेवावेत, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत असावा, आणि वरचा झरोका गोठलेल्या दवाने बुजलेला नाही ना, हे झोपण्यापूर्वी हाताने तपासावे. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवणे आणि ओले हातमोजे भोकाजवळ न टांगता वरच्या झरोक्यापाशी वाळत घालणे, या बारीक गोष्टींचाही उपयोग होतो.

तळ नसलेल्या तंबूत आणखी एक अडचण असते: शेगडी पायाखालचा बर्फच वितळवते. वर सांगितलेल्या शेगडीच्या उष्णतेचा फक्त दहावा भाग जरी बर्फ वितळवण्यात गेला, तरी तासाला अडीच लिटरहून अधिक पाणी होते. शेगडी बर्फावर न ठेवता गुडघ्याएवढ्या उंच, पक्क्या बैठकीवर ठेवावी, तिचे तोंड खाली नसावे, आणि बसण्याच्या जागी एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया अंथराव्यात, पण शेगडीपासून सुरक्षित अंतरावर. ऊब वर जाते, बर्फ चटईखाली गार राहतो आणि पायही गोठत नाहीत. तंबूत अंगावर एक जाकीट ठेवून बसता येईल एवढीच ऊब ठेवावी. आत सदऱ्यावर बसण्याइतके तापवले, तर खाली डबके ठरलेलेच. तळ असलेल्या खोलीत हेच काम तळाखाली बसवलेला फोमचा थर करतो. तो नसेल, तर खोलीची उष्णता झिरपत राहते आणि पोकळीतील बर्फ वरून मऊ पडतो.

चौकटीखाली लाकडी ठोकळे ठेवण्याचे कारणही हेच आहे. लोखंडी चौकट थेट बर्फावर असेल, तर दिवसा ऊन आणि आतली ऊब यांनी तिच्याखालचा बर्फ वितळतो, ती थोडी खाली जाते, आणि रात्री तेथेच गोठते. असे रोज होत गेले की मार्चपर्यंत ती बर्फात रुतून बसते. ठोकळे रुंद आणि फिकट रंगाचे असावेत, कारण गडद लाकूड ऊन शोषून स्वतःच खाली जाते. दर आठवड्याला जॅकने एकेक कोपरा उचलून ठोकळा मोकळा आहे ना, हे पाहावे. अडकलेली खोली ट्रकने हिसके देऊन ओढण्यापेक्षा कडेचा बर्फ पहारीने हळूहळू फोडून जॅक लावणे केव्हाही चांगले, कारण हिसक्याने चौकट वाकते आणि ट्रकखालच्या बर्फालाही नको तो धक्का बसतो.

फेब्रुवारी संपत आला की वितळलेले पाणी बर्फावर साचू लागते. बर्फ पातळीच्या वर असेल, तर हे पाणी भोकांतून भोवरा करत खाली जाते आणि भोकाच्या कडा झिजवून ते पाय जाईल एवढे रुंद करते. म्हणून या दिवसांत जुन्या भोकांजवळ चालताना काठीने चाचपून पाहावे. मिनेसोटाच्या कायद्यानुसार दक्षिणेकडील दोन तृतीयांश भागातील खोल्या मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तरेकडील भागातील तिसऱ्या सोमवारपर्यंत बर्फावरून काढाव्या लागतात. त्या तारखेपर्यंत थांबण्याऐवजी, ज्या आठवड्यात रात्री अजून पक्क्या गोठतात आणि सकाळी बर्फ कोरडा असतो, त्याच आठवड्यात पहाटे खोली हलवावी, आणि ठोकळे, चटया, दोर्‍या यांतील काहीही मागे राहू देऊ नये, कारण बर्फ गेल्यावर ते सगळे तळ्यातच पडते.